आरसी गाडीची वाकलेली बॉडी सरळ करताना

आरसी गाडीची, म्हणजे रिमोटने चालवायच्या खेळण्यातल्या गाडीची, बॉडी वाकली की नवखा माणूस सहसा दोनपैकी एक गोष्ट करतो. अंगठ्याने जोर लावून ती उलट्या बाजूला वाकवतो, नाहीतर गॅस पेटवून ज्योतीवर धरतो. पहिल्या उपायाने पांढरी रेघ उमटते, दुसऱ्याने भोक पडतं. वाकलेल्या प्लास्टिकला खरं तर जोर फारसा लागतच नाही. लागते ती बेताची ऊब, आणि ती उतरेपर्यंत भाग जागच्या जागी धरून ठेवायची चिकाटी. तापवायला एक मिनिट गेलं तर थंड करायला पाच द्यावीत. बहुतेक कामं बिघडतात ती या पाच मिनिटांत कंटाळा आल्यामुळे.

आपल्याकडे कोकणात गाड्या वाकतात त्याही आपल्या तऱ्हेने. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमान्यांची पोरं मुंबईहून गाड्या घेऊन येतात. अंगणात जागा पुरत नाही, मग गाडी थेट गडग्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या कुंपणभिंतीवर, जाते. शहरातल्या गिलावा केलेल्या भिंतीला घासून गाडी निसटते तरी. जांभ्याच्या भोकांत मात्र बंपरची कड अडकते आणि तिथल्या तिथे मुडपते. रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यावर नेली तर सुरूची मुळं आहेतच. आणि सुट्टी संपली की गाडी पोटमाळ्यावर जाते, वर कुणीतरी गोधड्यांचं गाठोडं टाकतं, आणि पुढच्या सुट्टीत काढून बघावं तर टप खाली बसलेलं. हा शेवटचा प्रकार मला आपटण्यापेक्षा जास्त दिसतो. सुदैवाने तो दुरुस्तीला सगळ्यात सोपा आहे.

आधी बॅटरी, मग पाणी

काहीही तापवायच्या आधी बॉडीच्या क्लिपा काढून बॉडी गाडीपासून वेगळी करा आणि बॅटरी बाहेर काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीच्या आसपास हीट गन, म्हणजे खूप गरम हवा फेकणारं हत्यार, किंवा गरम पाणी नको म्हणजे नकोच.

मग बॉडी धुवा. किनाऱ्यावर चालवलेली असेल तर आधी नुसत्या गोड्या पाण्याच्या धारेखाली धरा, हात न लावता. वाळूचा कण अंगावर असताना फडकं फिरवलं की पारदर्शक प्लास्टिकवर ओरखडे पडतात, आणि ते कायमचे. वाळू वाहून गेली की भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन थेंब आणि बोटं, एवढं पुरे. भांड्यांची पावडर नको, काथ्या नको, आणि चिकट डाग निघत नाही म्हणून रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर तर मुळीच नको. पॉलिकार्बोनेटला असली द्रावणं लागली की त्यात बारीक केसांएवढ्या भेगांचं जाळं तयार होतं. कधी लगेच दिसतं, कधी पुढच्या धडकेला बॉडी फुटते तेव्हा कळतं.

स्टिकर निघायला आले असतील तर आत्ताच काढून मेणकागदावर चिकटवून ठेवा. गरम पाण्यात ते तसेही सुटणार आहेत.

हे प्लास्टिक कोणतं?

इथे घाई केलीत तर पुढचं सगळं फुकट. आरसी गाडीत एकच प्लास्टिक नसतं. बॉडी एका जातीची, बंपर दुसऱ्या, चाकांचे हात, म्हणजे चाकं सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्या, तिसऱ्या जातीचे असतात. प्रत्येकाची सैल पडायची उष्णता वेगळी.

आतल्या बाजूला बारीक अक्षरांत छाप आहे का बघा. टॉर्च तिरका धरलात की दिसतो. इंग्रजी अक्षरांत पीसी असेल तर पॉलिकार्बोनेट, एबीएस असेल तर त्याच नावाचं कडक प्लास्टिक, पीएस म्हणजे पॉलिस्टायरीन, पीए म्हणजे नायलॉन, पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. पीएपुढे जीएफ आणि आकडा असेल तर त्या नायलॉनमध्ये काचेचा धागा मिसळलेला आहे. आकडा त्याची टक्केवारी सांगतो.

छाप नसेल तर डोळे आणि बोटं वापरा. बॉडी पातळ आहे, दाबली की लवते, कडा कात्रीने कापल्यासारख्या दिसतात आणि रंग आतून मारलेला आहे, बाहेरून नुसती चकाकी? मग ते पॉलिकार्बोनेट. दुकानात आणि मुलांच्या तोंडी त्याला लेक्सानच म्हणतात, जरी ते मुळात जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ठेवलेलं व्यापारी नाव आहे. बॉडी जाड आहे, टिचकी मारली की टक्क वाजते, आत स्क्रूसाठी उभ्या नळ्या आहेत? मग एबीएस किंवा पॉलिस्टायरीन, ज्याला सगळे कडक बॉडी म्हणतात. काळपट, हाताला मेणचट लागणारा, न चमकणारा भाग बहुधा नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीन असतो. या दोघांतला फरक बादलीत कळतो: पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतं, नायलॉन बुडतं. स्क्रू आणि बेअरिंग काढून मगच टाका, नाहीतर लोखंड त्याला बुडवेल आणि तुम्ही फसाल.

गाडीच्या तोंडवळ्यावरून अंदाज बांधू नका. तामियाच्या १९८४ सालच्या दोन गाजलेल्या बग्गी घ्या. ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या दोघींचा सांगाडा बराचसा सारखा, पण ग्रासहॉपरची बॉडी कडक प्लास्टिकची आणि हॉर्नेटची लेक्सानची. एकीला चालणारा उपाय दुसरीला चालत नाही.

आता आकडे. एबीएस साधारण १०५ अंश सेल्सिअसला सैल पडतं, पॉलिस्टायरीन १०० च्या आसपास, आणि पॉलिकार्बोनेट थेट १४७ च्या आसपास. म्हणजे उकळत्या पाण्यात एबीएस अगदी उंबरठ्यावर येतं, पॉलिस्टायरीन गडबडतं, आणि पॉलिकार्बोनेट फक्त थोडं मऊ पडतं. आपण समुद्रसपाटीला आहोत, त्यामुळे आपलं पाणी पुरतं १०० अंशांना उकळतं. वर महाबळेश्वरात तेच ९५-९६ वर उकळतं. घाटावरच्या मित्राला पाण्याने जमलं नाही आणि तुम्हाला जमलं, तर त्यात हाही एक भाग असू शकतो.

थ्रीडी प्रिंट केलेले भाग ही वेगळीच बाब. ते बहुधा पीएलए नावाच्या प्लास्टिकचे असतात आणि पीएलए ६० अंशांच्या आसपास नरमतं. मे महिन्यात किनाऱ्यावर उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या मोटारीत एवढी उष्णता सहज होते. अशा भागाला उकळतं पाणी नको, ६५ ते ७० अंशांचं पुरतं.

सामान

जुना टोप, जो परत स्वयंपाकाला वापरायचा नाही. दोन बादल्या, एकीत गार पाणी. सुती हातमोजे, नायलॉनचे हातमोजे उष्णतेने हाताला चिकटतात. केस वाळवायचा ड्रायर. मास्किंग टेप, कपड्यांचे लाकडी चिमटे, सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या. वेगवेगळ्या मापांची स्टीलची फुलपात्रं आणि वाट्या, कारण चाकावरची कमान नीट गोल बसवायला घरात याहून चांगला साचा नाही. आणि दोन जुने मोजे, धुऊन वाळवलेल्या वाळूने भरून तोंडाला गाठ मारलेले. वाळू गोड्या पाण्याने दोनतीनदा धुवा, मीठ राहू देऊ नका.

हीट गन मुद्दामच यादीत घेतलेली नाही. ती लागते, पण शेवटी. बऱ्याच साध्या हीट गनचा खालचा टप्पासुद्धा ३०० अंशांच्या घरात असतो, आणि नव्या हाताला तो सांभाळत नाही. पहिली काही कामं पाणी आणि ड्रायर यांच्यावरच भागवा. मेणबत्ती, लायटर, चुलीतला निखारा यांपैकी काहीच नको. एबीएस करपलं की त्याचा धूर घशाला आणि डोळ्यांना झोंबतो, आणि स्वस्त खेळण्यात पीव्हीसी असेल तर त्यातून निघणारा वायू आम्लाचा असतो. हे काम पडवीत करा, बंद खोलीत नको. मूल हौशी असलं तरी गरम पाणी मोठ्या माणसाने हाताळायचं.

लेक्सानची बॉडी

पोचा आणि दुमड यांतला फरक आधी ओळखा. पोचा म्हणजे प्लास्टिकचा पत्रा आत गेलाय, पण कुठेही तीक्ष्ण कड नाही. दुमड म्हणजे जिथे प्लास्टिक घडी पडून मोडलंय, तिथे पांढरी रेघ आहे. पोचा शंभर टक्के जातो. दुमडीचा आकार जातो, पांढरी रेघ जात नाही. तिथे प्लास्टिक ताणून पातळ झालेलं असतं. ती नंतर झाकायची.

पोच्याला आतून वाळूचा मोजा लावा, बाहेरून उकळतं पाणी सावकाश ओता, आणि आतून तळहाताने वर ढकला. टप्प असा आवाज येऊन बहुतेक पोचे इथेच सुटतात. सुटल्याबरोबर हात काढू नका. आतला मोजा तसाच धरून बाहेरून गार पाण्याचं फडकं ठेवा, आणि पाठ टेकवून बसा थोडा वेळ.

बसलेल्या टपालाही हेच, फक्त साचा मोठा हवा. दोन्ही मोजे आत घालून, वाळू हलवून हलवून टपाचा मूळ बाक जमवा. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांच्या रेषा डोळ्यांच्या पातळीला आणून बघा. बाजूने बघितल्याशिवाय टप सरळ आहे की नाही ते कळत नाही.

पीळ पडला असेल, म्हणजे एक कोपरा टेबलाला टेकतो आणि समोरचा उचललेला राहतो, तर सगळ्यात चांगला साचा म्हणजे गाडी स्वतः. तिच्या बॉडी-पोस्टवर, म्हणजे बॉडी टेकवायच्या उभ्या दांड्यांवर, बॉडी बरोबर जागेवर बसते. पण गाडीत मोटर, रिसीव्हर, सर्व्हो असतं, तेव्हा तिच्यावर पाणी नको, फक्त ड्रायर. पाणी वापरायचं तर प्लायवूडच्या तुकड्यावर पोस्टच्या जागा पेन्सिलीने उतरवून घ्या आणि तिथे लांब खिळे उभे ठोका. खिळ्यांवर नळीचे तुकडे चढवून उंची जुळवा. एकदा केलेला हा फळीचा साचा त्या गाडीसाठी कायम कामाला येतो, आणि अशा फळ्या जमत गेल्या की वाडीतली पोरं आपोआप तुमच्याकडे येऊ लागतात. दादा, जरा बघ ना, म्हणत.

आता दुमड. पाणी आणि दाब इथे अर्धंच काम करतात, ड्रायर लागतो. दुमडलेला भाग फुलपात्रावर किंवा वाटीवर असा बसवा की भांड्याचा बाक बॉडीच्या मूळ बाकाशी जुळेल. ड्रायर पूर्ण गरमवर, चार बोटांच्या अंतरावर, आणि एका जागी स्थिर न ठेवता घडीच्या लांबीवर पुढे-मागे फिरवत राहा. दोन-तीन मिनिटांनी प्लास्टिक हाताखाली किंचित ढिलं वाटेल. तेव्हा मोज्यातल्या वाळूने दाबा, बोटाच्या टोकाने नाही. बोटाचा ठसा उठतो. दाब तसाच ठेवून ड्रायर बंद करा आणि गार फडकं लावा. घडी पहिल्या खेपेला पुरती उघडत नाही. प्रत्येक खेपेला थोडी. पाचव्या खेपेला जे जमतं ते पहिल्याच खेपेला दुप्पट जोर लावून जमवायचं नाही.

एवढं करूनही घडी राहिली तर हीट गन. खालच्या टप्प्यावर, वीतभर अंतरावरून, सतत हलती. आणि इथे लेक्सानची एक खोड ध्यानात ठेवा. ही बॉडी सपाट पत्रा तापवून, निर्वाताने साच्यावर ओढून घडवलेली असते. वाकलेला भाग तापवला की तो घडवलेल्या आकाराकडे परततो, हे आपल्या फायद्याचं. पण आणखी तापवला की तो त्याच्याही मागे जातो, पुन्हा सपाट पत्रा व्हायला बघतो. कमानी आकसतात, कडा निखाऱ्यावरच्या पापडासारख्या वळतात, आणि त्यावर इलाज नाही. म्हणून प्लास्टिक चकाकून ओघळल्यासारखं दिसायच्या आधी थांबायचं. थोडीशी घडी राहिलेली बॉडी पळते. आकसलेली बॉडी पोस्टवरच बसत नाही.

पावसाळ्यात याहून एक जास्त भानगड. पॉलिकार्बोनेट हवेतली ओल शोषतं. फार नाही, एक टक्क्याचाही थोडासा भाग, पण हीट गनच्या उष्णतेला तेवढी ओल वाफ होऊन आतल्या आत बुडबुडे काढायला पुरते. कारखान्यात म्हणूनच पत्रा साच्यावर घ्यायच्या आधी १२० अंशांच्या आसपास काही तास वाळवतात. आपल्याकडे जूनपासून पुढे हवा इतकी ओली असते की भिंतीसुद्धा घामेजतात. त्यामुळे हीट गन वापरायचीच असेल तर बॉडी झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर, दोन दिवस ठेवा. पत्रा पातळ असतो, दोन दिवसांत बराच वाळतो. सिलिका जेलच्या पुड्या औषधांच्या डब्यांतून आणि बुटांच्या खोक्यांतून जमा होतात, फेकू नका. पाणी आणि ड्रायर यांच्या उष्णतेला बुडबुड्यांची भीती नाही, तेव्हा श्रावणात काम आलं तर माझं मत त्यांच्यावरच थांबण्याचं.

रंग आतून असल्यामुळे घडीच्या जागी त्याचे पापुद्रे निघालेले असतात. सैल पापुद्रे टेप लावून उचलून घ्या आणि पॉलिकार्बोनेटसाठीचा खास रंग आतून मारा. साधा ऑइलपेंट इथे टिकत नाही, बॉडी लवली की खपल्या पडतात. आतून रंगवताना क्रम उलटा असतो हे नव्या माणसाच्या पटकन लक्षात येत नाही: बाहेरून जो रंग सगळ्यात वर दिसायला हवा तो आधी, मागचा अस्तर-रंग नंतर. पांढरी रेघ फारच दिसत असेल तर तिच्यावर बाहेरून पट्ट्याचं स्टिकर लावा. उघड्यावर शर्यत खेळणारे मोठमोठे लोकही तेच करतात, त्यात कमीपणा नाही.

कडक बॉडी

एबीएसची बॉडी पूर्ण टोपात बुडवायची नाही. जो भाग वाकलाय तेवढाच पाण्यात, बाकीचा वर. आधी काचा, दिवे, चकचकीत क्रोमचे भाग आणि स्क्रू काढून घ्या. पाणी उकळलं की गॅस बंद करा आणि एक-दोन मिनिटं जाऊ द्या. खळखळतं पाणी पॉलिस्टायरीनसाठी जास्त होतं, आणि तुमच्या हातातलं एबीएसच आहे याची खात्री बहुतेक वेळा नसते.

वाकलेला भाग वीस-तीस सेकंद बुडवा, बाहेर काढा, हातमोजे घातलेल्या हातांनी हवा तसा वळवा. कडक प्लास्टिक थोडं मागे उसळतं, म्हणून सरळ रेषेच्या किंचित पलीकडे न्या. मग तसंच धरून गार पाण्याच्या बादलीत. पाण्यातच धरून ठेवा, वर काढून बघायची घाई नको. पुरेसं झालं नाही तर परत गरम पाणी. एबीएसच्या वाकण्यावर जी पांढुरकी छटा येते ती लेक्सानपेक्षा दयाळू असते. ड्रायरची ऊब दिली की बरीच मावळते.

तडा गेला असेल तर तो आधी थांबवायचा. तड्याच्या अगदी टोकाला दोन मिलिमीटरचं ड्रिल हाताने फिरवून भोक पाडा, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. ही युक्ती लेक्सानलाही लागू. नंतर एबीएससाठी सगळ्यात मजबूत जोड म्हणजे एबीएसचाच. अ‍ॅसिटोनच्या काचेच्या लहान बाटलीत एबीएसचे बारीक तुकडे टाकून एक रात्र ठेवा, मधाइतकं दाट झालं की काडीने आतून तड्यावर भरा. तुकडे कुठून आणायचे? तुटकी लेगोची वीट असेल तर उत्तम; १९६३ पासून त्या विटा एबीएसच्या येतात. रंग काळा हवा असेल तर काळी वीट शोधा. नेलपॉलिश काढायचं द्रव वापरण्याआधी बाटली वाचा, आजकाल पुष्कळांत अ‍ॅसिटोन नसतंच. जोड एक पूर्ण दिवस तसाच राहू द्या. अ‍ॅसिटोन पेट घेतं, तेव्हा चूल, उदबत्ती, गॅस यांपासून लांब.

फेविक्विकने कडक बॉडी चिकटते, पण जोड ठिसूळ राहतो. शोकेसमधल्या गाडीसाठी ठीक, गडग्यावर जाणाऱ्या गाडीसाठी नाही.

लेक्सानच्या तड्याला अ‍ॅसिटोन अजिबात नको. तिथे आतून जिप्सम बोर्डच्या सांध्यावर लावतात ती फायबरची जाळीदार टेप चिकटवा आणि तिच्यावर बुटांच्या दुरुस्तीचं रबरी, लवचीक राहणारं चिकट द्रव्य पातळ थरात पसरा. ते वाळल्यावर लवतं, म्हणूनच टिकतं. एमसील किंवा अराल्डाइट तिथे कडक खडा होऊन बसतं, आणि बॉडी पहिल्यांदा लवली की सुटून पडतं. चिकट द्रव्य लावायच्या आधी जागा साध्या स्पिरिटने पुसून कोरडी करा, आणि रंग मारायचा असेल तर तो पुसल्यानंतर, पण चिकट द्रव्याच्या आधी.

बंपर, पोस्ट, चाकांचे हात

नायलॉनचे भाग उकळत्या पाण्यात पाच-दहा मिनिटं टाका, चिमट्याने काढा, दोन सपाट फळ्यांमध्ये दाबून बांधा आणि फळ्यांसकट बादलीत सोडा. रात्रभर राहिलं तरी चालेल. नायलॉन पाणी पिऊन जास्त चिवट होतं, आणि परदेशी शौकीन नवे भाग मुद्दाम उकळून घेतात ते यासाठीच. आपल्या हवेत ते काम बहुतांशी आपोआप झालेलं असतं. हीट गन मात्र नायलॉनला कोरडं आणि ठिसूळ करते, तेव्हा इथे फक्त पाणी.

पण चाकांच्या हातांबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. बंपर आणि बॉडी-पोस्ट सरळ करणं योग्यच, ते शोभेचे आणि धक्का खाण्याचे भाग आहेत. चाकाचा हात एकदा वाकला की सरळ केल्यावरही तो तिथेच परत वाकतो, आणि चाकांचा कोन बिघडून टायर एका बाजूने झिजतात. तो सरळ करावा तो नवा येईपर्यंतच्या चार दिवसांसाठी. काचेचा धागा असलेला हात वाकून पांढरा पडला असेल तर तेवढंही करू नका. पॉलिप्रॉपिलीनचे भाग सरळ होतात छान, पण कुठल्याच घरगुती चिकट द्रव्याला दाद देत नाहीत, त्यामुळे तुटले तर स्क्रू आणि पट्टी, नाहीतर नवे.

ठेवायचं कुठे

पोटमाळ्यावर ठेवायचंच असेल तर बॉडी गाडीवरच चढवून ठेवा, क्लिपा लावून, म्हणजे पोस्ट तिला आतून आधार देतात. वर काही ठेवायचं नाही हे घरातल्या सगळ्यांना सांगा, नाहीतर गोधड्या येतातच. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात उष्णता साठते. कौलाच्या घरात तेवढी नाही. लेक्सानला नुसत्या उन्हाच्या तापाने काही होत नाही, वजन आणि ताप एकत्र आले की ती बसते. स्वस्त खेळण्याची बॉडी मात्र नुसत्या उन्हानेही मुडपते. आणि खिडकीतल्या उन्हात महिनोन्‌महिने राहिलेलं लेक्सान पिवळं आणि कडक पडतं. अशा बॉडीची दुमड काढायचा खटाटोप करू नका, ती हातात फुटेल.

परत चढवताना

बॉडी पुरती गार आणि कोरडी झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, पोस्टवर चढवा. भोकं जुळत नसतील तर बॉडी ताणून बसवू नका, तो ताण तिला परत वाकवतो. भोक गोल कानसाने किंचित वाढवा, किंवा जुनं भोक आतून टेपने बुजवून शेजारी नवं पाडा. पुढची चाकं डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवा, गाडी हाताने खाली दाबा, आणि टायर कुठे कमानीला घासतो का बघा. घासत असेल तर ती कमान परत फुलपात्रावर घ्यायची, किंवा कात्रीने दोन मिलिमीटर कापायची. मी कापण्याच्या बाजूचा.

क्लिपा गंजलेल्या असतील तर याच वेळी बदला. खाऱ्या वाऱ्यात साध्या पोलादी क्लिपा लवकर गंजून ढिल्या होतात, आणि पळताना क्लिप उडाली की बॉडी स्वतःच्या चाकाखाली येते. शक्य असेल तर स्टेनलेसच्या मागवा आणि प्रत्येक क्लिपेला रंगीत दोरा बांधा, म्हणजे वाळूत पडली तरी सापडेल.

पहिली फेरी मऊ जमिनीवर, कमी वेगात. दुरुस्त जागेला बोट लावून बघा; तडा टोकाला पाडलेल्या भोकाच्या पलीकडे गेला नसेल आणि जाळीची कड उचलली नसेल, तर गाडी पोराच्या हातात द्यायला हरकत नाही.